माझे पाय, सरांच्या पाट्या आणि चौकातलं लिंबू

फिजिओ मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्ही बोलता ना, तसंच लिहून द्या. नवीन पेशंट येतात त्यांचे चेहरे बघवत नाहीत. त्यांना वाचायला देईन."

मी म्हटलं, "बाई, मी भाकरी थापणारी. लिहायचं काम आमच्या सरांचं."

तर म्हणाल्या, "सर लिहितील तो धडा होईल."

हे मात्र शंभर टक्के खरं. म्हणून बसले लिहायला. पायातली ताकद अचानक गेलीय आणि आता पलंगावर पडून छताचा पंखा बघताय, अशांसाठी हे आहे. औषधाचं मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांना विचारा. डॉक्टर सांगत नाहीत ते मी सांगते.

चप्पल

माझं दुखणं चपलेवरून कळलं.

आमचं घर अक्कलकोट रोडच्या बाजूच्या एका कॉलनीत, अगदी चौकाच्या कोपऱ्यावर. चौकाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर एक पत्र्याची खोली आहे. तिथं मी, पद्माक्का आणि आणखी दोघी मिळून कडक भाकरी करतो. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगितलं. खोली माझी, चुली माझ्या, आणि पद्माक्का माझा उजवा हात. घरी तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम.

त्या सकाळी चौक ओलांडून खोलीत शिरले तर पद्माक्का ओरडली, "अक्का, चप्पल कुठंय तुमची?"

खाली बघते तर एक पाय उघडा. चप्पल मागं चौकाच्या मधोमध पडलेली. डांबर तापलेलं होतं, आणि पायाला पत्ताच नाही! आम्ही सगळ्या खो खो हसलो. संध्याकाळी चुलीपुढून उठायला गेले तर उठताच येईना. गुडघे जणू दुसऱ्याच कुणाचे. पद्माक्कानं काखेत हात घालून उभं केलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

घरी तीन डॉक्टर हजरच होते. पद्माक्का म्हणाली, अशक्तपणा आहे, गूळ-शेंगदाणे खा. माझ्या सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. आमचे सर मोबाइलवर शोधत बसले आणि स्वतःच घाबरून पांढरे पडले. सर म्हणजे माझे मिस्टर. हायस्कूलला विज्ञान शिकवतात. सगळी कॉलनी सर म्हणते, मग मीही म्हणते.

नाव कळलं तो दिवस

डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे लकवा का?"

"नाही. तुमच्या शरीराची फौज चुकून तुमच्याच नसांवर चालून गेलीय. बहुतेक लोक बरे होतात. पण वेळ लागतो, आणि आधी थोडं वाढू शकतं."

"वाढतं म्हणजे?"

"पायाकडून वर."

वर म्हणजे कुठंपर्यंत, ते मी विचारलं नाही. सरांनी विचारलं, तेही बाहेर जाऊन. दाराच्या काचेतून मला ते दिसत होते. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत होते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला मी रडताना कधी बघितलं नाही, कारण रडायचं झालं की तो चष्मा पुसतो. दरवर्षी पोरांना फळ्यावर नसा काढून शिकवणारा माणूस, आणि बायकोच्या नसांपुढे त्याची मती गुंग झाली.

मला भीती वाटली का? वाटली की! खोटं कशाला बोलू? श्वास नीट आहे का बघायला ते एका दमात आकडे म्हणायला लावायचे. मी मोठ्यानं म्हणायचे. आवाज बारीक झाला तर नळी घालतील, असं डोक्यात बसलं होतं. इतक्या जोरात म्हणायचे की शेजारच्या पलंगावरचे आजोबा म्हणाले, "पोरी, लिलाव चाललाय का?" तुमच्याकडूनही आकडे म्हणून घेतील. म्हणा. लाजू नका.

दवाखान्यातलं

दवाखान्यात माणसाला काही काम नसतं आणि एक मिनिट आरामही नसतो. डोळा लागला की कुणीतरी येऊन उठवतंच. सुई, गोळी, पुसणं, कूस बदलणं. रोज सकाळी सिस्टर येऊन म्हणायची, "अंगठा हलवा." मी जीव खाऊन हलवायचे. अंगठा ढिम्म! सिस्टर म्हणायची, "असू दे, उद्या."

बेडपॅनची लाज वाटते, ते सांगून ठेवते. मला फार वाटली. पण तिथल्या आयामावशींनी पहिल्याच दिवशी माझी वेणी घालून दिली आणि वर म्हणाल्या, "केस किती गं दाट! काय लावतेस?" त्यानंतर लाज थोडी कमी झाली. एवढ्याशा गोष्टीनं माणूस तरतो.

घरी सर आणि त्यांच्या आई, दोघंच. आमचा मुलगा हैदराबादला नोकरीला, तो येऊन जाऊन असायचा. सासूबाईंना मी आत्या म्हणते. कुंभारी गावाकडच्या, बोलायला फटकळ, मनानं त्याहून फटकळ. मायलेकाचं रोज डब्यावरून भांडण. भात कच्चा, आमटी खारट. डबा माझ्यापर्यंत यायचा तेव्हा त्यात जेवण कमी आणि तक्रारी जास्त.

एकदा आत्या भेटायच्या वेळेला आल्या. चादर नीट करते म्हणाल्या, आणि पदराखाली झाकलेलं काहीतरी माझ्यावरून डोक्यापासून पायापर्यंत फिरवलं. मला दह्याचा वास आला. सरांनी बघितलंच.

"आई! हे दवाखान्यात चालायचं नाही. दहीभात ओवाळून नसा दुरुस्त होत असत्या तर डॉक्टर कशाला शिकले असते?"

"मी काय केलं रं? चादर नीट केली," असं म्हणून आत्या पदर सावरत तरातरा निघून गेल्या.

थोड्याच दिवसांत अंगठा हलला. मी किंचाळलेच. सिस्टर पळत आली, तिला वाटलं पडले. लिलाववाल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. औषधानं हलला, वेळानं हलला, मला ठाऊक आहे. आत्यांनी मात्र देवाला नारळ फोडून आणला.

खुर्ची

घरी आले ती खुर्चीत. दारासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दिवसभर बसायचं आणि चौक बघायचा. सिग्नल चुकवायला आमच्या चौकातून आडवाट आहे. त्यामुळं सगळ्या गाड्या इकडून, आणि चारी बाजूंनी वाऱ्यावर स्वार! बघून बघून मला हॉर्नवरून माणसं ओळखू यायला लागली.

पलीकडं माझी खोली. धूर दिसायचा. भाकरी थापल्याचा आवाज गाड्या नसल्या की ऐकू यायचा. पद्माक्का पिठाचा हात हलवायची. मी पण हलवायचे, आणि मग उगाच डोळे भरून यायचे. तिकडं माझी जागा होती, चुलीजवळचा पाट होता, आणि मी इकडं कुंडीतल्या तुळशीसारखी एका जागी.

वॉकर धरून दारापर्यंत, मग गेटपर्यंत चालायला लागले. फिजिओ मॅडम म्हणाल्या, "आता मनात एक ठिकाण धरा. तिथपर्यंत एकटीनं चालत जायचं."

मी बोट दाखवलं. "समोरची खोली."

मॅडमनी खोलीकडं बघितलं, मग मधल्या चौकाकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "अवघड ठिकाण धरलंत, काकू."

धडधाकट माणूस उडी मारल्यासारखा पलीकडं जातो. वॉकरवाल्या माणसाला तेवढ्या वेळात धड खालीसुद्धा उतरता येत नाही.

पाट्या

सरांनी मनावर घेतलं. चारी रस्त्यांना 'थांबा' अशी पाटी हवी. कॉलनीतल्या लोकांच्या सह्या, ऑफिसात खेटे, साहेब आज नाहीत, साहेब उद्या आहेत. शेवटी परवानगी मिळाली, पाट्या मात्र कॉलनीनं करून लावायच्या. पेंटरनं गोल केल्या. सर म्हणाले, थांबायची पाटी आठ कोनांची असते, परत करा. पेंटर म्हणाला, "सर, थांबणारा कोन मोजतो का?" सरांनी ऐकलं नाही.

पाट्या लागल्या त्या दिवशी हा सोहळा! नारळ फुटला, खांबांना हार, चहा, फोटो. त्या दिवशी सगळ्या गाड्या थांबल्या, कारण रस्त्यात चहावाले उभे होते. दुसऱ्या दिवसापासून कोण थांबतंय! एका पाटीला कुणीतरी शेळी बांधली, दुसरीवर वाढदिवसाचा बॅनर आला. सर रोज जाऊन बॅनर काढायचे आणि शेळी सोडायचे.

तरी आम्ही ठरवलं. सर शाळेतली पीटीची शिट्टी गळ्यात घालून चौकात उभे राहिले. मी वॉकर घेऊन निघाले. सरांनी शिट्टी फुंकली, एक गाडी थांबली. तिच्या मागनं दुसरी सुसाट आली आणि माझ्या वॉकरचा पाय उडवून गेली. मी मटकन खाली बसले. लागलं काही नाही. पण चौकाच्या मधोमध बसलेली मी, आणि चारी बाजूंनी हॉर्न.

गाडीवरचा पोरगा पुढं जाऊन थांबला. "ओ मावशी, बघून चाला की!"

"मी बघूनच चालते! तू पाटी बघ ना!"

"पाटी? कुठली पाटी?"

आणि खरंच सांगते, त्याला दिसलीच नव्हती. रोज तिथून जाणारा पोरगा.

घरी आल्यावर सरांचा आवाज चढला. "बास झालं! खोली पद्माक्कांच्या हवाली कर. तू घरात बस, फोनवर ऑर्डर घे. मला दवाखाना परत नको."

मी उलट बोलले नाही. जन्मात पहिल्यांदाच बोलले नसेन. कारण भीती मलाही बसली होती. खोली गेली तर मी कोण, असं वाटत होतं; आणि परत त्या चौकात पाय ठेवायला पण नको वाटत होतं. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर आले तर आत्या दारात उभ्या.

"रडू नगंस. बगू उद्याचं उद्या," एवढंच म्हणाल्या.

लिंबू

सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले, आणि कानाला काहीतरी वेगळं लागलं. हॉर्न नव्हते!

चौकात मधोमध पत्रावळ. तिच्यावर हळदकुंकू माखलेलं लिंबू, अर्धा नारळ. दहीभात होता तो कुत्र्यांनी कधीच चाटून टाकला होता.

"ए थांब बे, थांब! उतारा हाय!"

माझा वॉकर उडवणारा पोरगाच होता. असा ब्रेक मारला की दोन्ही पाय जमिनीवर! मागच्यानं हॉर्न दिला, मान वाकडी करून बघितलं, गप्प झाला. आजाऱ्यावरून उतरवून चौकात टाकलेलं जो ओलांडेल त्याला ते दुखणं लागतं, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. बाजूनं जावं तर एकीकडं वाळूचा ढीग. सगळे पाय घासत, गाडी ढकलत, कडेकडेनं चाललेले. डोक्यावर आठ कोनांची पाटी तेच सांगत होती, तिला कुणी विचारत नव्हतं. मला इतकं हसू आलं की चहा साडीवर सांडला.

तेवढ्यात सर केरसुणी घेऊन बाहेर आले. "आई! हे तुझं काम! अगं, रस्त्यातलं असलं लिंबू उचलून वर्गासमोर सरबत करून प्यालोय मी. आणि आज माझ्याच दारात?"

आत्या तांदूळ निवडत होत्या. मानसुद्धा वर केली नाही.

सर चौकाकडं निघाले आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "अहो, थांबा! आधी मला पलीकडं जाऊ द्या. मग काय झाडायचं ते झाडा."

सर थांबले. केरसुणी हातात, तोंड उघडं. आयुष्यभराचं तत्त्व एका बाजूला आणि बायको एका बाजूला. मी त्यांना विचार करायला वेळ दिलाच नाही. वॉकर उचलला.

चौकात उतरले. दोन्ही बाजूंना बायका उभ्या, भाजीची पिशवी घेतलेला एक माणूस, आणि गाड्या. तो पोरगा अदबीनं म्हणाला, "मावशी, जावा तुमी आदी."

काय ही सभ्यता! मला कळत होतं की. पहिलं कुणीतरी ओलांडू दे, मग आपण, असा हिशेब होता. मी मनात म्हटलं, जाते बाबा. मला आता नवीन काय व्हायचं राहिलंय? वॉकर पुढं, एक पाय, दुसरा पाय. लिंबाला वळसा घातला. मध्ये एकदा दम लागला तर उभी राहिले, आणि कुणीही हॉर्न दिला नाही.

पलीकडं पद्माक्का पिठाचे हात पसरून उभी होती. मला हात मात्र लावला नाही. "रा अक्का, रा," म्हणत राहिली, ये अक्का, ये. मी खोलीत पोचले, पाटाऐवजी तिनं स्टूल ठेवलं होतं त्यावर बसले, आणि एक भाकरी थापली. कडेनं फाटली. तीच भाजून तिनं सरांना नेऊन दिली. सर तोवर तसेच उभे होते, केरसुणी काखेत आणि चष्मा हातात.

आत्यांचं उत्तर

संध्याकाळी सरांनी आईला समोर बसवलं. चिडलेले नव्हते, पण विषय सोडणारे पण नव्हते.

"आई, मी मानत नाही, ते सोड. पण तू मानतेस ना? मग हिचं दुखणं तू रस्त्यावर टाकलंस. उद्या कुणाच्या पोराला लागलं असतं, तर?"

आत्या उसळल्या. "मी काय येडी हाय व्हय रं? त्यात काय बी नव्हतं! कुनावरनं ववाळलंच न्हाय त्ये. लिंबू आनलं, कुकू लावलं, ठिवलं. तुज्या पाट्या कुनी बगंना म्हनून!"

सर बघतच राहिले. मग इतके हसले, इतके हसले, की ठसका लागला. मी पण हसत होते. आणि हसता हसता मला दह्याचा वास आठवला.

"आत्या, मग दवाखान्यात? चादर नीट केलीत तेव्हा?"

"त्ये खरं हुतं."

"ते कुठल्या चौकात टाकलंत?"

आत्यांनी पदर उगाचच नीट केला. "गेले हुते की चौकापत्तुर. शाळा सुटली हुती, पोरं येत हुती समोरनं. आता कुनाच्या लेकराच्या पायात घालू? आले घरी."

"आणि दहीभात?"

"खाल्ला."

"कुणी?"

"मीच. आजून कोन हाय घरात? ह्यो तर मानत न्हाय." मग म्हणाल्या, "माजं काय गं. हाडं पिकली. आलं तर आलं. आन् काय झालं बी न्हाय. गुडगं तेवडं दुखत्यात, त्ये आदीपासनंच दुखत्यात."

सर चष्मा पुसायला लागले. मी आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले, यावेळी नळ न सोडता. माझं दुखणं या बाईनं खरं मानलं होतं, आणि खरं मानून खाल्लं होतं. मी असलं काही मानत नाही. पण त्या दिवसापासून माझी नजर सारखी त्यांच्या पायांकडं जाते, हे लपवत नाही.

आता

मायलेकात तह झाला. सरांची अट, मधोमध काही ठेवायचं नाही, गाड्या घसरतील. आत्यांची अट, केरसुणीला हात लावायचा नाही. म्हणून लिंबू आलं पाटीच्या खांबाशी. लोकांची नजर लिंबावर जायची, तिथून वर पाटीवर. गाडी आपोआप हळू व्हायची. उन्हाळ्यात लिंबं मिळेनाशी झाली तेव्हा बघितलं, तरी बरेचजण थांबत होते. अंगवळणी पडलं होतं. सगळे थांबत नाहीत, अजून शिट्टी लागते. सर म्हणतात पाटीनं केलं, आत्या म्हणतात लिंबानं केलं. मी दोघांना हो म्हणते.

माझा वॉकर गेला, काठी आली. तळव्यांना अजून मुंग्या येतात, संध्याकाळी पाय जड होतात. पण भाकरी गोल येते. तुमचीही येईल, तुम्ही जे काही थापत असाल ते.

आता आत्यांना घरी करमत नाही, रोज माझ्यासोबत खोलीत येतात. काल त्यांना हाताला धरून पाटीपाशी उभी होते. खांबाशी लिंबू नव्हतं. समोरून बाइक आली.

"थांबंल का गं?"

"थांबेल."

थांबला. पाय खाली टेकला. "जावा आज्जी."

आम्ही निघालो. चौकाच्या मध्यावर आत्यांच्या पायातली चप्पल निसटली. मी खाली बघितलं, त्यांच्याकडं बघितलं.

आत्यांनी तिथंच पाय मागं घेतला, अंगठ्यानं चप्पल चाचपली आणि माझ्यावर डोळे वटारले. "कळ्ळं गं मला, कळ्ळं! माज्या पायाकडं काय बगतीस? समोर बग."

चप्पल पायात सारून त्या सावकाश चालायला लागल्या. बाइकवाला थांबूनच होता.